वेताळाचा प्रश्न आणि दत्तदांचा धूमकेतू



गेल्या पावसाळ्यात इयत्ता नववीच्या वर्गात अवांतर वाचनाच्या तासाला आम्ही डॉ. जयंत नारळीकर यांची 'धूमकेतू' ही कथा वाचली. घंटा झाली, मुले दप्तरे सावरीत बाहेर पडली. पण एक मुलगी बाकाशी तशीच उभी राहिली. वर्ग रिकामा झाल्यावर तिने जवळ येऊन मला एक प्रश्न विचारला. त्या प्रश्नाला मला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. "उद्या सांगते" असे म्हणून मी वेळ मारून नेली. प्रस्तुत लेख त्या न दिलेल्या उत्तरातून लिहिला गेला आहे. तो प्रश्न कोणता, हे मी एवढ्यात सांगणार नाही. गूढकथांविषयी लिहावयाचे, तर थोडे गूढ राखण्याचा अधिकार लेखिकेलाही असावयास हवा!

प्रारंभी एक घरगुती गोष्ट सांगते. माझे बालपण गोव्यात गेले. घरची भाषा कोकणी. मराठी मला मिळाली ती शाळेतून आणि देवळातल्या कीर्तनातून. आमच्या घरामागे खाजन शेती होती. खाजन म्हणजे खाडीचे खारे पाणी बांध घालून अडविलेली सखल जमीन. ह्या बांधांत पाण्याच्या वाटेवर लाकडी दारे बसविलेली असतात. त्या दारांच्या जागेला आमच्याकडे 'मानस' म्हणतात. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्या रेट्याने दारे आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या भाराने ती उघडतात. रात्री अंगणातून पाहिले, तर कधीकधी त्या बांधावरून एक दिवा संथपणे चालत जाताना दिसे. मध्येच थांबे, खाली वाके, पुन्हा चालू लागे. आजी आम्हां मुलांना पदराखाली घेऊन हळूच सांगे, "देवचार भोंवता!" देवचार म्हणजे गावाचा राखणदार, खांद्यावर घोंगडी, हातात दांडा आणि पेटती चूड घेऊन तो रात्री गावाची हद्द फिरतो, अशी आमच्याकडची समजूत. त्या दिव्याकडे बोट दाखविण्याचीही आम्हांला छाती होत नसे.

मी आठ वर्षांची असताना एका रात्री वडिलांनी माझा हात धरला आणि मला सरळ त्या बांधावर नेले. पाय थरथरत होते. जवळ जाऊन पाहते, तो मानशीपाशी गावातलेच दोघेजण ओहोटीच्या पाण्यात जाळे लावून कोळंबी धरीत बसलेले! कंदील त्यांचाच. घरी धावत येऊन मी आजीला मोठ्या विजयाने सांगितले की, देवचार वगैरे काही नाही, तो तर आपल्याच वाड्यावरचा माणूस. आजी रागावली नाही. वाती वळता वळता तिने विचारले, "आनी तांकां बांद राखपाक कोणें सांगलां?" त्यांना बांध राखायला कोणी सांगितले?

ह्या प्रश्नाचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी उमगला. बांधाला रात्री भगदाड पडले, तर खारे पाणी भातात शिरते आणि ते शेत पुढची कित्येक वर्षे नासते. म्हणून कोणीतरी रात्री बांधावरून फिरावे लागते आणि लहान मुलांनी तेथे फिरकता कामा नये. दिव्याचे गूढ वडिलांनी एका रात्रीत उकलले. पण बांध राखण्याची अडचण त्याने सुटली नव्हती. आज गोव्यातील अनेक खाजनांचे बांध फुटले आहेत आणि जेथे भात डोलत होते तेथे खारफुटी माजली आहे. देवचारावरचा विश्वास उडाला म्हणून हे झाले, असे मी म्हणत नाही. शेती परवडेनाशी झाली, माणसे गावाबाहेर गेली, ही कारणे त्याहून मोठी आहेत. तथापि आजीचा प्रश्न मात्र शिल्लक आहे.

गूढकथा वाचताना माझ्या मनात हे दोन प्रश्न नेहमी वेगवेगळे उभे राहतात. दिवा कोणाचा, हा एक. आणि कळल्यावर काय करावयाचे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नापाशी थांबणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत आणि त्या वाचण्यात मौजही आहे. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. तुमच्या आजोबांनी त्या शाळेच्या पुस्तकात लपवून वाचल्या असतील! चोर सापडला, मुखवटा गळून पडला, की वाचक दिवा मालवून सुखाने झोपी जातो. दुसऱ्या प्रश्नाच्या गोष्टी मात्र झोप येऊ देत नाहीत.

अशा गोष्टींचा आपल्याकडचा एक जुना संग्रह म्हणजे वेताळपंचविशी. अकराव्या शतकात काश्मिरातील सोमदेवाने रचलेल्या 'कथासरित्सागर' ह्या प्रचंड ग्रंथात ती आली आहे. पण गोष्ट घडते ती आपल्या अगदी शेजारी, गोदावरीतीरावरच्या प्रतिष्ठान नगरीच्या राजाच्या बाबतीत. प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण, आणि पैठण १९५६ पर्यंत आपल्याच हैदराबाद संस्थानात, पुढे हैदराबाद राज्यात, मोडत होते. तेव्हा वेताळ हा एका अर्थाने आपला गाववालाच म्हणावयास हरकत नाही.

राजा झाडावरचे प्रेत खांद्यावर घेऊन स्मशानाची वाट चालतो आहे आणि प्रेतातला वेताळ त्याला गोष्ट सांगतो आहे, हे चित्र तुम्हांला ठाऊक आहे. पण वेताळाची अट नीट ध्यानात घ्या. गोष्टीच्या शेवटी तो एक प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प राहिला, तर त्याच्या मस्तकाची शकले होतील. उत्तर दिले, तर मौन मोडले म्हणून वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लटकेल आणि राजाची सारी पायपीट वाया जाईल. ज्याला उत्तर ठाऊकच नाही त्याला मात्र काहीच भय नाही! अज्ञानी माणूस सुरक्षित; पेच आहे तो जाणणाऱ्यापुढे. बोलावे तर श्रम फुकट, न बोलावे तर प्राण जाणार. लहानपणी मला वेताळाचे भय वाटे. आता वाटते ते त्या अटीचे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठीत गूढाची दोन निराळी दालने उघडली. योगायोग असा की, ती उघडणारे दोघेही १९३८ साली जन्मले. रत्नाकर मतकरी यांनी 'खेकडा'सारख्या संग्रहांतून गूढकथा चाळीत, बिऱ्हाडात, कचेरीत आणून बसविली. त्यांच्या कथेतले भय बहुधा स्मशानात नसते. ते मध्यमवर्गीय घराच्या बंद दारामागे असते. मतकरी २०२० साली गेले. त्यांच्याविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल, आणि त्यांच्या काही कथा तुम्ही आणखी दोन-तीन वर्षांनी वाचाव्यात असे माझे मत आहे. दुसरे दालन विज्ञानकथेचे. त्यात मराठीत पूर्वीही थोडेबहुत लेखन झाले होते. पण ते घराघरांत पोहोचविले नारळीकरांनी.

जयंत विष्णू नारळीकर यांचा जन्म कोल्हापूरचा. वडील काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, त्यामुळे बालपण व शिक्षण काशीस झाले. पुढे केंब्रिजला फ्रेड हॉइल ह्या खगोलशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले आणि १९६४ साली गुरुत्वाकर्षणाविषयीच्या हॉइल-नारळीकर सिद्धान्तामुळे ते जगप्रसिद्ध झाले. १९७२ साली ते भारतात परतले, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले आणि १९८८ मध्ये पुण्याच्या 'आयुका' ह्या संस्थेचे संस्थापक-संचालक झाले. त्यांचे गुरू हॉइलही कादंबऱ्या लिहीत, तेव्हा ही खोड गुरूकडूनच आली असावी.

त्यांच्या पहिल्या कथेचा जन्मही एखाद्या रहस्यकथेत शोभावा असा आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा जाहीर केली. अहमदाबादच्या एका परिसंवादात कंटाळवाणे व्याख्यान चालू असता नारळीकरांनी समोरच्या कागदावर कथा लिहावयास आरंभ केला. (तुम्ही माझ्या तासाला असे करू नये, ही विनंती.) आपल्या प्रसिद्धीचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये म्हणून त्यांनी आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून 'नारायण विनायक जगताप' हे नाव घेतले. अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून मंगलाबाईंनी ती कथा आपल्या हाताने उतरून दिली. मंगलाबाई स्वतः गणितज्ञ होत्या. 'कृष्णविवर' नावाच्या त्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. 'यक्षांची देणगी' हा त्यांचा पहिला कथासंग्रह १९७९ साली आला. त्यांच्या कथांत विविधता पुष्कळ: एकीत हरवलेल्या हाराचे प्रकरण, एकीत परग्रहावरचे पाहुणे, एकीत क्रिकेटचा सामना. २० मे २०२५ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले.

आता 'धूमकेतू'कडे वळू. कोलकात्याचे दत्तदा हे हौशी आकाशनिरीक्षक. आयुष्यभराची हौस म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी एक दुर्बीण मिळविली आहे आणि तिला 'दिव्यचक्षू' असे नाव ठेवले आहे. पत्नी इंद्राणीदेवी ह्या दुर्बिणीकडे सवतीच्या नजरेने पाहतात. एके रात्री दत्तदांना आकाशात एक अंधूक, अनोळखी ठिपका दिसतो. तो नवा धूमकेतू ठरतो आणि प्रथेप्रमाणे त्याला शोधणाऱ्याचे नाव मिळते. साऱ्या शहरात सत्कार होऊ लागतात. इंद्राणीदेवी मात्र कष्टी आहेत; अशुभाच्या पाहुण्याशी आपल्या पतीचे नाव जोडले गेले, हे त्यांना सोसत नाही.

येथे जरा थांबून आपल्या शहराची एक गोष्ट सांगावीशी वाटते. बेगमपेठेत निजामिया वेधशाळा होती. १९०१ साली नवाब जफर जंग ह्या हौशी सरदाराने तिची सुरुवात केली. तेथे काम करणाऱ्या बापू नावाच्या गृहस्थांचा मुलगा आकाश पाहतच वाढला, येथल्या निजाम कॉलेजात शिकला आणि शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेत हार्वर्डला गेला. १९४९ साली तेथे घेतलेल्या एका छायाचित्रात त्याला नवा धूमकेतू आढळला. तो आज 'बापू-बॉक-न्यूकर्क' ह्या नावाने ओळखला जातो. हा मुलगा म्हणजेच पुढे भारतीय खगोलशास्त्राची उभारणी करणारे वेणू बापू. तेव्हा भारतीय माणसाचे नाव धूमकेतूला लागणे ही नारळीकरांची निव्वळ कल्पना नव्हे. हैदराबादच्या एका मुलाने ते खरे करून दाखविले होते.

कथेकडे परत येऊ. केंब्रिजचा एक शास्त्रज्ञ गणित मांडतो आणि त्याला आढळते की हा धूमकेतू पृथ्वीवर आदळणार. वार्ता फुटली तर जगभर हाहाकार माजेल. म्हणून मोजक्या तज्ज्ञांची गुप्त बैठक इंग्लंडात भरते. दत्तदांनाही बोलावणे जाते. अण्वस्त्रे भरलेले यान पाठवून धूमकेतूला त्याच्या मार्गावरून किंचित ढकलावयाचे, असे ठरते. ही कथा लिहिली गेली तेव्हा असा उपाय कागदावरच होता. २६ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या 'डार्ट' ह्या यानाने डायमॉर्फस नावाच्या सुमारे १६० मीटर व्यासाच्या लघुग्रहावर मुद्दाम धडक दिली. त्यात अण्वस्त्र नव्हते. केवळ यानाच्या आघाताने त्याचा ११ तास ५५ मिनिटांचा प्रदक्षिणाकाळ सुमारे अर्ध्या तासाने कमी झाला. नारळीकरांनी हे आपल्या हयातीत पाहिले.

परंतु माझ्या मते कथेचे मर्म यानात नाही. दत्तदा घरी परततात, तो तेथे यज्ञाची तयारी. धूमकेतूची शांती करावयाची आहे, घरातल्या लहान मुलालाही रेशमी वस्त्र नेसवून बसविले आहे. दत्तदा संतापतात. धूमकेतू गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने येतात-जातात, त्यांचा आपत्तींशी संबंध नाही, हे ते समजावू पाहतात. संकट खरोखर येत आहे आणि त्यावर खरा उपाय कोणता योजला आहे, हे सांगण्यासाठी त्यांचे ओठ उघडतात, आणि तेथेच मिटतात. ते गुप्ततेच्या बंधनात आहेत. पुढे धूमकेतू निरुपद्रवीपणे निघून जातो आणि घरातली मंडळी मानतात की, यज्ञ फळाला आला.

दत्तदांच्या मनाची त्या क्षणी काय अवस्था झाली असेल? उत्तर त्यांना ठाऊक आहे. वेताळ समोर आहे. आणि बोलता येत नाही.

वर्गात ह्या जागी मुले हसली. इंद्राणीदेवी त्यांना विनोदी वाटल्या. मला हसू आले नाही. इंद्राणीदेवींना संकटाची चाहूल लागली होती आणि ती खोटी नव्हती. संकट होतेच! त्यांच्या हाती जे साधन होते ते त्यांनी वापरले. त्यांना खरे साधन कोणी दाखविले नव्हते. ज्यांच्यापाशी ते होते त्यांनी दार लावून बैठक घेतली. नारळीकरांचा रोख अंधश्रद्धेवर आहे ह्यात शंका नाही; पण वाचक म्हणून मला त्या बंद दाराविषयीही बोलावेसे वाटते. १६ फेब्रुवारी १९८० रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. आपल्या शहराजवळच्या जपाल-रंगापूर वेधशाळेत शास्त्रज्ञ दुर्बिणी रोखून उभे होते आणि त्याच वेळी देशातील कित्येक शहरांचे रस्ते ओस पडून माणसे खिडक्या लावून घरात बसली होती. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या दिवसाविषयी अवश्य विचारा. जाणणारे एकीकडे आणि भिणारे दुसरीकडे, हे चित्र कथेतलेच आहे असे नाही.

'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा निराळ्या घाटाची. पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा जगात जाऊन पोहोचतात की जेथे १४ जानेवारी १७६१ ची लढाई मराठ्यांनी जिंकली आहे. विश्वासरावाला लागलेली गोळी तेथे कानाजवळून निघून गेली. तेथल्या मुंबईत ते आपला जुना इतिहास शोधीत ग्रंथालयात जातात आणि शेवटी आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षाची रिकामी खुर्ची पाहून, सवयीने, तिच्यावर जाऊन बसतात. पुढे श्रोते त्यांचा जो समाचार घेतात तो तुम्ही स्वतःच वाचा. परत आल्यावर पुरावा म्हणून त्यांच्या खिशात बखरीचे एक फाटके पान तेवढे उरते. एका गोळीच्या केसभर फरकाने इतिहासाचा ओघ बदलू शकेल काय, आणि बदललेला ओघही कोठेतरी वाहत असेल काय, ह्याची चर्चा कथेत पदार्थविज्ञानाच्या आधारे केली आहे.

तुमच्यापैकी अनेकांची मूळ गावे उदगीर, नांदेड, लातूर ह्या बाजूची आहेत. पानिपताच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी १७६० मध्ये, सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला तो उदगीरलाच. त्या यशामुळे उत्तरेची मोहीम त्यांच्याकडे आली. पानिपतावर ज्याचा तोफखाना धडाडला तो इब्राहिमखान गारदीही पूर्वी निजामाच्याच चाकरीत होता. उदगीरचा निकाल उलटा लागता तर? हा निबंधाचा उत्तम विषय आहे, आणि सहामाहीनंतर मी तो देणार आहे, हे येथेच सांगून ठेवते.

'उजव्या सोंडेचा गणपती' ह्या कथेत एका हाताने गोलंदाजी करणारा खेळाडू एकाएकी दुसऱ्याच हाताने गोलंदाजी करू लागतो आणि डाव्या सोंडेच्या मूर्तीची सोंड उजवी होते. चमत्कार म्हणावा असा प्रकार. पण त्याची किल्ली कागदाच्या पट्टीत आहे. ट्रेसिंग पेपरची एक लांब पट्टी घ्या, तिला अर्धा पीळ देऊन टोके चिकटवा. हिला मोबियसची पट्टी म्हणतात. आता दुसऱ्या एका ट्रेसिंग पेपरच्या तुकड्यावर डाव्या पंजाची लहान आकृती काढा आणि तो तुकडा पट्टीला चिकटून सरकवीत एक पूर्ण फेरी करून आणा. मूळ जागी आल्यावर, कागदाच्या आरपार पाहिले असता, ती उजव्या पंजाची दिसेल. कागदावरच्या आकृतीला जे साधते ते आपल्या तीन मितींच्या देहाला एखाद्या वरच्या मितीत साधले तर, ही कथेची कल्पना. पट्टी करून पाहिल्यावाचून ही कथा वाचू नये असे मी म्हणेन.

ह्या कथेने मला माझ्या पहिलीतल्या एका दिवसाची आठवण होते. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर बातमी पसरली की, गणपतीच्या मूर्ती दूध पितात. आमच्या गावच्या देवळातही रांग लागली. आजीबरोबर मीही वाटी घेऊन उभी होते आणि चमच्यातले दूध खरोखरच नाहीसे झालेले मी ह्या डोळ्यांनी पाहिले. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवून दिले की, पृष्ठताणामुळे चमच्याच्या काठावरचे दूध मूर्तीला टेकताच ओढले जाते आणि पातळ थराने मूर्तीवरून खाली ओघळते. हे ऐकून मला जी निराशा वाटली ती मी आजही विसरलेले नाही. गूढ उकलते तेव्हा आनंद होतो असे आपण म्हणतो. नेहमी होतो असे नाही.

'पुत्रवती भव' ह्या कथेविषयी थोडक्यातच सांगते. हवा तर मुलगाच व्हावा असे साधन हाती आले तर समाजाचे काय होईल, हा तिचा विषय. येथे गूढ असे फारसे नाही, आणि कल्पितही थोडेच. जनगणनेप्रमाणे सहा वर्षांखालील दर १,००० मुलग्यांमागे मुली १९९१ साली ९४५ होत्या, २००१ साली ९२७. ह्या आकड्यांना कोठल्याही वेताळाची गरज नाही.

नारळीकर केवळ कथेत प्रश्न विचारून थांबले नाहीत. २००८ साली त्यांनी काही सहकाऱ्यांसह महाराष्ट्रात एक साधी पण काटेकोर परीक्षा योजिली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती तिच्या आखणीत सहभागी होती. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा मिळवून दोनशे कुंडल्या मांडल्या, मिसळल्या आणि खुणेचे तपशील मोहोरबंद ठेवले. ज्योतिष्यांना आवाहन केले की, प्रत्येकाने चाळीस कुंडल्या पाहून कोणती कुंडली कोणत्या प्रकारच्या मुलाची ते सांगावे. ५१ जणांनी कुंडल्या मागवून घेतल्या, २७ जणांनी उत्तरे धाडली. बरोबर उत्तरांचे प्रमाण भरले शेकडा ४६. नाणे उडवून उत्तरे दिली असती, तर शेकडा ५० च्या आसपास आले असते! ह्याच दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरावयास गेले असता गोळ्या घालून हत्या झाली. जाणणाऱ्याने बोलावे की न बोलावे, हा प्रश्न आपल्याकडे अजून जुन्या पोथीतला झालेला नाही.

तुम्हांलाही ह्या परीक्षेची लहान आवृत्ती करता येईल. वर्तमानपत्रातली बारा राशींची आठवड्याची भविष्ये कापून घ्या, राशींची नावे काढून टाका आणि आठवडा संपल्यावर वर्गातल्या प्रत्येकाला आपल्याला लागू पडलेले भविष्य निवडण्यास सांगा. ३६ मुलांच्या वर्गात निव्वळ योगायोगाने तिघांची निवड स्वतःच्या राशीशी जुळावी. तुमच्या वर्गात किती जणांची जुळते ते पाहा आणि लिहून ठेवा. एकदा करून थांबू नका, चार-पाच आठवडे करा.

आता त्या मुलीचा प्रश्न. ती म्हणाली, "बाई, माझ्या धाकट्या भावाला बारा दिवस झाले, ताप येतो आणि जातो. आई एका ठिकाणाहून गंडा घेऊन आली आहे. तो बांधल्यापासून ती जरा जेवू लागली. गंड्याने ताप उतरत नाही हे मला ठाऊक आहे. आईला सांगितले तर ती रडेल. न सांगितले तर मी दत्तदांसारखीच झाले ना?"

मी वर म्हटलेच आहे की, मी उत्तर दिले नाही. एक उत्तर माझ्यापाशी तयार होते, वडिलांनी बांधावर नेले त्या रात्रीचे. दुसरेही होते, वाती वळणाऱ्या आजीचे. ती रात्र मी दोन्ही तोलीत काढली. दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी मनातून चरकले. एका निरागस मुलीला मी वेताळाच्या अटीत अडकवून ठेवले, असे वाटू लागले.

आठव्या दिवशी ती आली ती एक वही घेऊन. गणिताची जुनी वही, तिच्या मागच्या पानांवर तक्ता आखलेला. शेजाऱ्यांकडून तापमापक मागून आणून तिने दर चार तासांनी भावाचा ताप मोजला होता. तारीख, वेळ, आकडा, शेजारी 'उलटी झाली', 'भात खाल्ला' अशा नोंदी. आईला ती एक शब्दही बोलली नाही. वही वडिलांपुढे ठेवली आणि त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी तक्ता पाहिला, रक्त तपासले, विषमज्वर निघाला. औषध चालू होऊन चार दिवस झाले होते आणि ताप उतरणीला लागला होता.

"आणि गंडा?" मी विचारले.

"हातावरच आहे, बाई," ती म्हणाली. "सलाईन लावताना नर्सबाईंनी थोडा वर सरकवला, एवढेच. आई म्हणते, गंड्यानेच गुण आला."

मग वही दप्तरात ठेवीत तिने विचारले, बुडालेल्या आठवड्यात भूमितीचे किती प्रमेय झाले.